भुताचा सातबारा

भाईंदरात कुंपण कुठलं आलंय? आमच्या आणि परबकाकूंच्या ग्रिलमध्ये हातभर अंतर, तेच आमचं कुंपण. कढीपत्ता, रिकामी वाटी आणि बिल्डिंगच्या बातम्या तिथूनच ये-जा करतात.

काल काकू कोलंबी सोलत होत्या, मी मेथी निवडत होते.

"काय गो, रात्री दोनपर्यंत लाइट जळत होता तुमच्यात?"

"लेकीने मोबाइलवर 'रात्रीस खेळ चाले' लावलंय, अगदी पहिल्यापासून. अभ्यास आहे म्हणते. एम.ए.ला इंग्रजी आहे ना. याला गॉथिक म्हणतात म्हणे."

"गोठ्यातला काय ता?"

"गोठ्यातलं नाही हो! जुनी वास्तू, बंद खोली, पूर्वजांनी करून ठेवलेली पापं. 1764 साली वॉलपोल नावाच्या इंग्रजाने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली, तिथून ही सुरुवात. ऐन लग्नाच्या दिवशी गढीच्या वारसावर कुठूनसं अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं आणि पोरगा जागीच चिरडतो."

"अरे देवा! पोराने काय केल्यान?"

"पोराने काही नाही. पणजोबाने खऱ्या मालकाला विष घातलेलं. वर खोटं मृत्युपत्र करून गढी घशात घातलेली."

काकूंच्या हातातली कोलंबी हातातच राहिली. "म्हणजे सातबाऱ्याचीच भानगड!"

लेकीला हे चार वाक्यांत सांगता आलं नव्हतं.

मला आठवलं, फेब्रुवारी 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली, तेव्हा साडेदहाला काकू आमच्याकडे येऊन बसायच्या. घरी एकटीने बघायची हिंमत नव्हती. कोकणाची बदनामी केली म्हणून तिकडे ओरड झाली, तेव्हा काकूही तावातावाने ओरडल्या होत्या. आमच्याच सोफ्यावर बसून, जाहिरातीत.

"पण काकू, 'झी हॉरर शो'ला तुम्ही कधी घाबरला नाहीत."

"त्या हवेल्येत माझा काय होता? हयसर मात्र घरचो म्हातारो अण्णा नाईक पहिल्याच दिवशी मेलो, पोरां मुंबयसून इली, आणि रडणा रवला बाजूक, वाटणीची बोलणी सुरू! ता बघून माझ्या पोटात गोळो इलो. भुताक कोण भियाता गो?"

मग आवाज उतरला. मालिकेतला सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा बघायला नंतर माणसांची रीघ लागली; काकूंच्या सासरच्या घराला मात्र बारा महिने कुलूप. गणपतीत पाच दिवस उघडतं. उताऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव. चार भावांपैकी दोघे बोलत नाहीत, एक वारला, आणि छप्पर कोणी शाकारायचं यावर आठ वर्षं एकमत नाही.

"म्हणूनच तो अण्णा मरत नाही," मी म्हटलं. "पहिल्या मालिकेत मेला, 2019 च्या दुसरीत मागची गोष्ट सांगायला जिवंत, 2021 च्या तिसरीत भूत. बिचाऱ्याला सुट्टीच नाही!"

"नाव उताऱ्यावरसून जाय नाय, तोपर्यंत माणूस खंय जातलो?"

"आपलं इथे बरं. साडेचारशे फुटांत भूत राहील कुठे?"

काकूंनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि ग्रिलला नाक लावलं. "काल कमिटीत काय झाला, कळला नाय तुका? पिलरांका भेगा. रिडेव्हलपमेंट होऊक व्हयी. पण कन्व्हेयन्सच झाला नाय! जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. तो मेलो, वीस वर्षां झाली. आता त्याची पोरां कोर्टात एकमेकांच्या उरावर."

माझी मेथी थांबली. म्हणजे भिंती आमच्या, हप्ते आमचे, आणि खालची जमीन एका मेलेल्या माणसाची.

आतून लेक ओरडली, "आई, येतेस? पुढचा भाग लावते!"

"तू बघ गं," मी म्हटलं आणि ग्रिलजवळ स्टूल ओढलं. "पोरं किती म्हणालात, काकू?"