ओटीपी सांगा, मावशी

बँक सांगते, पोलीस सांगतात, टीव्हीवरची जाहिरात सांगते: ओटीपी कुणालाही देऊ नका. आणि बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवा केंद्राच्या पायरीवर पाय ठेवा, पहिलं वाक्य कानावर पडतं, "मावशी, ओटीपी सांगा." खेड्यातल्या बाईचा इंटरनेटशी श्रीगणेशा होतो तो असा, उलट्या अक्षरात.

धारूर-वडवणीकडचं कुठलंही केंद्र घ्या. एक गाळा, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, बाहेर चपलांचा ढीग. बाई कॅरीबॅगेतून आधार कार्ड काढते.

"ओटीपी?"

"त्यो ह्यांच्या मोबाईलवर जातो."

"मग लावा फोन."

"लागंना. फडात रेंज नसती."

"मग उद्या या. साइट बी बसलीय."

उद्या म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी. पण ती कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही.

'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीचा आदेश निघाला 18 सप्टेंबर 2025 ला. मुदत दोन महिने. लाभार्थी बाईचं आधार हवं, शिवाय नवऱ्याचं किंवा वडलांचं आधार आणि त्यावरचा ओटीपी. त्याच महिन्यात सिंदफणा नदीला पूर आला होता, घरात चिखल होता. 1 नोव्हेंबरला उसाचं गाळप सुरू. म्हणजे दिवाळी आटोपून जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. ज्या काळात निम्मं गाव फडात असतं, नेमक्या त्याच काळात गावाची डिजिटल हजेरी घ्यायची, याला नियोजन लागतं. ते मंत्रालयात भरपूर आहे.

आणि ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही, तिनं ओटीपी कुणाकडून मागवायचा? हा प्रश्न पोर्टल तयार करताना कुणाला सुचला नाही. बायकांनी ओरड केल्यावर सुचला. मग मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय निघाली. सगळं ऑनलाइन करून झाल्यावर शेवटी काम आलं ते अंगणवाडीच्या उंबऱ्यावरच. या त्याच सेविका बरं का, ज्यांनी 2021 साली सरकारनं दिलेले मोबाईल सरकारला परत केले होते. ॲप इंग्रजीत आणि फोन भंगार, अशी त्यांची तक्रार होती. इंटरनेट नाकारण्याइतकं इंटरनेट कळलेल्या राज्यातल्या या पहिल्याच बायका असाव्यात.

आधारला जोडलेला नंबर ही आणखी एक गंमत. तो नंबर कधीचा बंद पडलेला असतो. रिचार्ज परवडला नाही, सिम गेलं, मुकादमानं दिलेलं नवं सिम आलं. नंबर बदलायचा तर तालुक्याला जा, रांगेत बसा. त्याचे 50 रुपये पडायचे, ते 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 झाले. केवायसीच्या ऐन धामधुमीत. बाजार बघून भाव लावणं व्यापाऱ्यालाच जमतं असं म्हणणाऱ्यांनी शब्द मागे घ्यावेत.

पैसे जमा झालेच, तर ते काढायला अंगठा. कोयता धरून बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्र नाही म्हणतं. बोट पुसा, तेल लावा, दुसरं बोट ठेवा. साक्षरता अभियानानं ज्या बाईला मोठ्या कौतुकानं सही शिकवली, तिला आपण पुन्हा अंगठ्यावर आणलं आणि आता तोही उठत नाही.

शिकवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं मात्र म्हणू नये. वारणानगरला 1998 साली 'वायर्ड व्हिलेज' झालं. 2011 साली गावोगाव फायबर न्यायची योजना मंजूर झाली, 2015 साली तिचं नाव भारतनेट झालं. नाव बदललं की आपल्याकडे निम्मं काम उरकतं, उरलेलं निम्मं रस्ता रुंद करणारा जेसीबी उकरून टाकतो. मेळघाटातलं हरिसाल 2016 साली डिजिटल गाव झालं. 2019 च्या निवडणुकीत राज ठाकऱ्यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्या डिजिटलपणाची भर सभेत तपासणी केली.

मग 2017 ची पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना. वीस तासांचं शिक्षण, एका घरातला एक जण. देशभरात 6.39 कोटी लोक शिकले, त्यांतल्या 4.78 कोटींना प्रमाणपत्र मिळालं आणि 31 मार्च 2024 ला दुकान बंद. आता घरातला एक म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. बारावीचा पोरगा. तो परीक्षा पास झाला, प्रमाणपत्र फाइलला लावलं आणि चाकणला कामाला लागला. घरात राहिली आई, आणि तिच्यासमोर पोर्टल.

पण बीड डिजिटल झालंच नाही, असं कोण म्हणतं? 2023 च्या खरिपापासून पीकविमा एक रुपयात झाला. प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून 40 रुपये. शेतकऱ्याकडून वर काही घेऊ नये असा नियम, म्हणून तक्रारीही वर काही घेतल्याच्याच. आणि मग या जिल्ह्यात दुसऱ्याच्या नावच्या, सरकारी मालकीच्या जमिनींवरही पिकं डोलू लागली, अर्थात पडद्यावर. सातबारा कुणाचा, खातं कुणाचं, अर्ज कुणाचा! इतकं सफाईदार ऑनलाइन काम वीस तासांच्या कोर्सात शिकवत नाहीत. 2025 साली ती एक रुपयाची योजनाच गुंडाळली. ई-पीक पाहणीसाठी बांधावर हात उंचावून रेंज शोधणारा खरा शेतकरी तोवर फोटोच अपलोड करत होता.

आता जरा फडावर चला. रात्री आठ-साडेआठ. कोप्यांसमोर चुली, ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावलेले चार्जर. पोरं गावाकडं आजीजवळ, नाहीतर वसतिगृहात. शाळेत नावापुढं सही करायला अडखळणारी बाई हिरव्या चिन्हावर बोट ठेवते, पोराचा चेहरा येतो, आणि ती त्याला म्हणते, "कॅमेरा नीट धर, माथा दिसतोय नुसता." वही दाखवायला लावते. जेवणाचं ताट दाखवायला लावते. आवाज तुटला तर बंद करून पुन्हा लावते, लिहिता येत नाही म्हणून बोलून निरोप टाकते. हिला कुणी वीस तास दिले नाहीत. ओटीपी मागितला नाही, रांगेत बसवलं नाही, नवऱ्याचं आधार आण म्हटलं नाही.

पोर्टल बनवणाऱ्या साहेबांची शिकवणी हिच्याकडेच लावावी, असा माझा प्रस्ताव आहे. गाळप मार्चच्या आसपास संपतं, तेव्हा टोळ्या परततात. वर्ग गावातच भरवा, बसायला पोतं मिळेल. साहेबांनी येताना आधार आणावं. सोबत बायकोच्या मोबाईलवर येणारा ओटीपी.