नमुना सुटता कामा नये

कच्च्या कैद्यांनी विधी-संशोधनाची केवढी सेवा केली आहे! १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद सुनावणी हा मूलभूत हक्क ठरवला. बिहारच्या तुरुंगांत तेव्हा काही जण गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही जास्त काळ खटल्याविना डांबलेले होते. या निकालाने अभ्यासाचा विषयच संपतो की काय, अशी धास्ती होती. व्यवस्थेने ती खोटी ठरवली. २०२२ अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चेच होते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आतच राहणारे तर प्रबंधातल्या ‘विषमता’ या प्रकरणाला आयतेच लाभतात.

सबब नम्र सूचना अशी की, प्रबंध मान्य होईपर्यंत त्यातील कैद्यास सोडू नये. नमुना मध्येच सुटला, तर निष्कर्ष बिघडतात. चर्चासत्रात त्याच्या नावे एक खुर्ची रिकामी ठेवावी आणि सहभागाचे प्रमाणपत्र बराकीत पोचवावे.

मात्र एका बाबतीत विद्यापीठे फारच कठोर आहेत. तिथे मुदतीत काम पुरे झाले नाही, तर नोंदणी रद्द होते. न्यायालयाकडून त्यांनी थोडी सहनशीलता शिकावी.