गिअरबॉक्स लिंपणाऱ्या उस्तादांस

उस्तादजी,

पत्र मराठीत लिहितोय. नोएडात ते तुम्हाला वाचता येण्याची भीती नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येईल.

क्लचसाठी आलेल्या गाडीचा तुम्ही 'लगे हाथ' गिअरबॉक्सही उघडलात. केसचे दोन भाग पुन्हा जोडताना सिलिकॉनची अख्खी ट्यूब दानशूरपणे रिकामी केलीत. कडेने राखाडी मिशा बाहेर आल्या. त्यांवरून बोट फिरवत म्हणालात, "साहब, अब एक बूँद नहीं टपकेगी." नाही टपकला. चार दिवस.

आमच्याकडे करंजीच्या कडेला दुधाचं बोट फिरवतात, पेला ओतत नाहीत. पण तुमच्याकडे करंज्या नसाव्यात. गुजिया असतात म्हणा, त्याही अशाच मिटतात.

जुना लेप तुम्ही स्क्रूड्रायव्हरने खरवडलात. ॲल्युमिनियमवर ओरखडे उठले. तेलकट हात ज्या फडक्याला पुसलेत, त्यानेच कड 'साफ' केलीत. हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. मे महिन्यात लू वाहत असताना नोएडात ओलावा कुठला? तुम्ही अर्ध्या तासात तेल भरून मोकळे! मी म्हटलं, धातूला धातू भिडतो तिथे हवा तुटल्यावरच घट्ट होणारा दुसरा सीलंट असतो ना? १९५३ साली अमेरिकेतल्या क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने त्या जातीचा पदार्थ विकसित केला. तुमचं उत्तर: "सब एक ही है."

बाहेर मिशा दिसल्या तेव्हाच ओळखायला हवं होतं, आत दाढी असणार.

एक्सप्रेसवेवर गिअरबॉक्स घोंगावू लागला. दुसऱ्या मिस्त्रीने खोलला, तर बेअरिंगकडे तेल नेणाऱ्या नालीत बोटभर लांबीची राखाडी शेवई अडकलेली. त्याने ती चिमट्याने अलगद ओढून काढली. तेलावाचून तापलेलं बेअरिंग निळं पडलं होतं. त्याने दोन्ही कडा कोरड्या ठणठणीत पुसल्या, दोन-तीन मिलिमीटरची एकच अखंड धार बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने सोडली, बोल्ट समोरासमोरचे आवळले आणि म्हणाला, "तेल कल डालेंगे." कामात इतका कंजूस माणूस मी पाहिला नव्हता.

शेवई डबीत जपून ठेवली आहे. तुमचीच अमानत, केव्हाही घेऊन जा. बेअरिंगचं बिल सोबत बांधून देईन.

आपला,
एक (माजी) गिऱ्हाईक