आधी पाकीट दाखव

अहो वहिनी, या ना जरा भिंतीपाशी. कपडे मागाहून वाळत घाला, ऊन काही पळून जात नाही. कोपऱ्यावरच्या पिंट्याचं कळलं का? भरतीतून परत आला पोरगा. धावण्यात पास, उंचीत पास, आणि मेडिकलला शर्ट काढला तर दंडावर हा एवढा त्रिशूळ! गेलं सगळं पाण्यात.

अहो, त्रिशुळाला कोण नाही म्हणतंय? हरकत जागेला आहे. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर, एवढ्याच ठिकाणी कायमचं गोंदलेलं सैन्यात चालतं. आदिवासी मुलांना त्यांच्या रीतीप्रमाणे सवलत आहे, पिंट्याला कुठून असणार? रोज पहाटे उठून पळत होता बिचारा, तेवढा नियम मात्र कुणी वाचला नाही. त्याची आई म्हणते, गोंदणाऱ्यानं सांगायला नको होतं का? मी म्हटलं, गोंदणारा होता कोण? तर यात्रेतला. पाळण्याशेजारी चटई टाकून बसलेला. बॅटरीवरचं मशीन, बाटलीच्या झाकणात ओतलेली शाई आणि पोरांची ही रांग. एकाचा हात झाला की फडक्यानं सुई पुसायची आणि पुढचा हात ओढायचा. तो काय सल्ला देणार, कपाळ!

भरती हुकली त्याचं वाईट वाटतंच, पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीला धसकला. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, त्याचं रक्त तपासून घ्या. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, तिन्ही. चेहरा उतरला तिचा. पण घाबरवायला नाही हो म्हटलं. माझा उभा जन्म सिव्हिलला सुया टोचण्यात गेला. बी म्हणजे लोक पांढरी कावीळ म्हणतात ना, तिचा विषाणू सांडलेल्या, वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस तग धरतो. फडक्यानं पुसून जातोय होय तो? बीची लस तरी आहे. पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. सीला तर लसच नाही. आणि हे लागलीच रिपोर्टमध्ये दिसत नाही, म्हणून आज निगेटिव्ह आलं तरी काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तेवढं सांगितलं तिला.

छे छे, मी कुठं टॅटूच्या विरोधात आहे? आमच्या बबीला पुण्याला मीच घेऊन गेले होते. शू! हळू बोला, तिच्या आईला अजून पत्ता नाही. तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते, स्वतःच्या पैशानं करते, मी कोण अडवणार? पण म्हणाली, मावशी तू चल, तुला त्यातलं कळतं. मला चित्रातलं काय डोंबल कळतंय. सुईतलं कळतं.

पहिलं दुकान होतं झकपक. एसी, गाणी, भिंतीवर कवट्या. पोरगं गोड बोलत होतं आणि त्यानं ड्रॉवरमधून काढली चक्क मशीनला आधीच बसवलेली सुई. मी म्हटलं, बाळा, हिचं पाकीट कुठंय? म्हणे, मॅडम, धुतलेली आहे, उकळत्या पाण्यातून काढतो आम्ही. उठले मी. अहो, उकळून सगळं मरत नाही. काही जंतू कवच धरून बसतात, त्यांना शंभर अंशांचं काही वाटत नाही. आम्ही ऑटोक्लेव्ह लावायचो तो 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली, पंधरा-वीस मिनिटं. आणि तेही पकडी, कात्र्यांसाठी. सुई एकदा वापरली की डब्यात, तिला दुसरा जन्म नाही. बबी चिडली माझ्यावर, एवढं सुंदर काम आहे त्याचं म्हणून. असू दे म्हटलं सुंदर. पोरं चित्र ठरवायला सहा-सहा महिने मोबाइल चाळतात आणि सुई कुठून आली ते विचारायला लाजतात. भाजीवालीला भेंडी मोडून दाखव म्हणताना लाजतो का आपण?

दुसरीकडे एक दाढीवाला मुलगा होता. दुकान लहान, पण लादी पुसलेली. मी काही विचारायच्या आधीच त्यानं बंद पाकीट बबीच्या हातात दिलं, म्हणाला तारीख बघ आणि तूच फोड. निर्जंतुक केल्याचा शिक्का, मुदत, सगळं त्यावर छापलेलं. मशीनला आणि वायरीला प्लास्टिकचं आवरण, खुर्चीवर नवा कागद, केस काढायला नवं रेझर. शाई मोठ्या बाटलीतून टिकलीएवढ्या कपात काढली, आणि उरलेली नंतर कपासकट कचऱ्यात, बाटलीत परत नाही. मध्येच त्याचा फोन वाजला. हातमोजे काढून फोन घेतला, हात धुतले आणि नवे मोजे चढवले. तिथं मी त्याला पास केला हो! आमच्या वॉर्डात शिकाऊ पोरींना हे एक शिकवता शिकवता घसा बसायचा. ग्लोव्हज घातले की त्यांना वाटायचं आता काहीही धरलं तरी चालतं.

मग शाईची बाटली मागितली बघायला. बबीनं कपाळावर हात मारला, पण तो हसला. कंपनीचं नाव, बॅच नंबर, मुदत, घटक सगळं होतं. आणि पातळ करायला नळाचं पाणी घेत नाही हे त्याला मुद्दाम वदवून घेतलं. त्याला कारण आहे. 2011च्या शेवटी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी एकाच गोंदणाऱ्याकडच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना टॅटूवर पुरळ उठलं आणि ते हटेना. शोध घेतला, तर राखाडी छटेची शाई कारखान्यातूनच पातळ होऊन आली होती आणि त्या बंद बाटलीतच पाण्यात राहणारा एक जंतू निघाला. क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला. त्याला औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. म्हणजे दुकान स्वच्छ, सुई नवी, आणि घात शाईनं केला. युरोपात जानेवारी 2022पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांवर रसायनांवर बंदी किंवा मर्यादा घातली आहे. म्हणून बाटलीवर तसं काही लिहिलंय का ते बघायचं. नकली लेबलं निघतात, ते खरं. पण ज्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्यापेक्षा बरी.

थांबा, कुकरची शिट्टी झाली. तिसरी होती का? मग असू दे, अजून एक होऊ दे.

हां, तर चित्र. बबीला हवी होती राजमुद्रा, मनगटावर, रुपयाएवढी. तो मुलगा म्हणाला, ताई, मी करून देईन, आज फोटोत छान दिसेल आणि दहा वर्षांनी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं दिसेल. शाई कातडीत थोडी पसरतेच म्हणे, बारीक अक्षरं एकमेकांत मिसळतात. एवढ्या ओळी हव्यात तर दंडाएवढी जागा दे, नाहीतर दुसरं काही घे. पैसे जात होते त्याचे, कारण हे लोक चौरस इंचावर भाव लावतात आणि बबी आगाऊ द्यायला तयार होती, तरी बोलला. मग त्यानं जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो दाखवले. नुसते त्या दिवशीचे नाहीत, वर्ष-दोन वर्षांनी कसे दिसतात तेही. ताजा टॅटू कुणाचाही तुकतुकीत दिसतो. खपली पडून गेल्यावर रेघ सरळ राहिली का, कडेनं निळसर पसरलीय का, ते बघायचं. सुई फार खोल गेली की शाई अशी फुटते. एक-दोन मिलिमीटरचा तर सगळा खेळ, वरच्या थरात राहिली तर झडून जाते आणि खाली गेली तर पसरते.

आणि अक्षरं मराठी असतील तर छापलेला कागद स्वतः वाचायचा, मोठ्यानं. संगणकावर फॉन्ट बदलला की जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. मागच्या लग्नात नाही का आपण पाहिलं, नवऱ्या मुलाच्या मित्राच्या हातावर ‘आर्शिवाद’! तुम्हीच मला कोपर मारला होतात. आईवडिलांचाच आशीर्वाद तो, आता जन्मभर तसाच.

टॅटू काढून टाकता येतो की. लेसरनं. पण बऱ्याच बैठका, दोन बैठकांच्या मध्ये सहा-आठ आठवडे, आणि करायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे. काळा त्यातल्या त्यात जातो, हिरवा-पिवळा चिवट. शरीरच त्याला सांभाळून धरतं हो. कातडीतल्या पेशी शाईचे कण गिळून बसतात, त्या मेल्या की शाई सुटते आणि शेजारच्या दुसऱ्या पेशी पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या लोकांनी 2018मध्ये हे उंदरांवर दाखवलं. सिनेमातल्या त्या दीपिकाच्या मानेवरच्या ‘आरके’ची किती वर्षं चर्चा चालली बघा, बिचारीचं लग्नसुद्धा होऊन गेलं दुसऱ्याशी. बबीनं कुणाचं नाव काढलं नाही, मी कान देऊन होते. तो मुलगा तर म्हणाला, नवीन जोडपं आलं की मी त्यांना महिन्यानं या सांगतो, आणि बरेच येत नाहीत परत. अठराच्या आतल्यांना आणि पिऊन आलेल्यांना दारातूनच वाटेला लावतो. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायची गोळी आहे का, जखमेचा वण फुगतो का, हेही त्यानं विचारलं. बबीच्या कानाच्या पाळीला टोचलेलं तेव्हा गाठ आली होती, ते मलाच आठवलं. म्हणून मग छोटंसंच करायचं ठरलं, आधी कातडी कशी वागते ते बघू म्हणाला.

दुसऱ्या खुर्चीवर एक पोरगा बसला होता, त्याला हवं होतं न्यूझीलंडच्या माओरींचं चेहऱ्यावरचं नक्षीकाम, खांद्यावर. कुणा खऱ्या माणसाच्या फोटोवरून जसंच्या तसं. हा नाही म्हणाला. माओरींच्या त्या नक्षीत म्हणे ज्याच्या त्याच्या घराण्याची वंशावळ असते, आपण उचलायची म्हणजे दुसऱ्याचं आडनाव लावून फिरायचं. त्या धर्तीचं, पण कुणाच्या घराण्याचं नसलेलं नवं काढून देतो म्हणाला. दुसऱ्या कलाकाराचं डिझाइनही तसंच, बघून शिकेन पण छापणार नाही. मला पटलं. पोरगा मात्र तोंड पाडून गेला, बहुतेक शेजारच्या दुकानात.

देवांचं विचारता? त्याचं मला नीटसं ठरवता येत नाही, वहिनी. 2015मध्ये बंगळुरात एका ऑस्ट्रेलियन मुलाच्या नडगीवर यल्लम्मा देवी होती, तर जमावानं घेरलं त्याला हॉटेलात. वर पोलिसांनी माफीनामा लिहून घेतला. चूक जमावाचीच. पण देवी पायावर काढणाऱ्यानं त्या मुलाला एका शब्दानं सांगायला हवं होतं की नाही, की बाबा, त्या देशात पाय लागला तर लोक नमस्कार करतात?

आमच्या सासूबाईंच्या हातावर तुळस होती आणि मामंजींचं नाव. जन्मात कधी तोंडानं घेतलं नाही, हातावर मात्र कोरलेलं. म्हणायच्या, मेल्यावर बरोबर येणारा दागिना हा एवढाच. आता सगळे गोंदणाचे गोडवे गातात, पण एका ओसरीवर सगळ्या जावा-नणंदा ओळीनं बसायच्या आणि तीच सुयांची जुडी सगळ्यांच्या हातावर, काजळ तेच, फडकं तेच. तेव्हा कावीळ कुणाला झाली, कुठून झाली, विचारतंय कोण? यात्रेतल्या चटईवाल्यानं काही नवं काढलेलं नाही. सासूबाईंना निवड नव्हती, पिंट्याला होती, एवढाच फरक.

आता बबीच्या मनगटावर चाफ्याचं फूल आहे. सौम्य साबणानं धुते, पातळ मलम लावते. पोहणं बंद, ऊन बंद, खपली ओढायची नाही. आमच्या शेजघरातल्या आरशासमोर उभी राहून खाजवत होती, हातावर चापट दिली. हळद-खोबरेल लावू नकोस म्हणून बजावलं, नाहीतर तिची आजी पहिल्यांदा तेच करील. हो, ते दोन आठवड्यांत जाणाऱ्या काळ्या मेंदीचं म्हणाल तर तेही नकोच. काळीकुळकुळीत मेंदी म्हणजे त्यात केस रंगवायचं रसायन. तुमच्या पुतणीचा हात संगीताच्या दिवशी भाजल्यासारखा झाला होता, तो त्यानंच असणार.

बरं, ज्यासाठी हाक मारली ते राहिलंच. कॉलनीच्या रक्तदान शिबिराची यादी तुमच्या ह्यांच्याकडे आहे ना? त्यातून बबीचं नाव काढायला सांगा. टॅटू केल्यावर बारा महिने रक्त घेत नाहीत, आणि ही दरवर्षी पहिली जाऊन बसते. पिंट्याचंही काढा. आणि यादी वाचायची ती तिच्या आईसमोर मोठ्यानं नका वाचू म्हणावं. झाली बघा चौथी शिट्टी, गॅस बंद करून येते.