दोन्ही हद्दींचे आबा

आबांचं बावीस खोल्यांचं लॉज नगर-मनमाड रस्त्यापासून थोडं आत आहे. जमीन निमगाव कोऱ्हाळ्याच्या शिवारात, पाटीवर मात्र ‘शिर्डी’, आणि तीही एवढ्या ठळक अक्षरांत की लॉजचं नाव शोधावं लागतं. त्यात गैर काही नाही म्हणा. शिर्डीचं विमानतळही काकडीत आहे. मग एकट्या आबांनाच का बोल लावायचा?

आबांचं गाव विषय बघून बदलतं. घरपट्टीची गोष्ट निघाली की ते ग्रामपंचायतीचे, पिढीजात. नळाची निघाली की शिर्डीकर, तेही थेट बाबांच्या काळापासूनचे. नगरपंचायतीची नगरपरिषद झाली तेव्हा पहिले पेढे त्यांनीच वाटले आणि त्याच पेढ्यांच्या पुड्यावर हद्दवाढीविरुद्धची हरकत लिहून काढली.

पाण्याच्या बैठकीला आबा सगळ्यांच्या आधी हजर. मुद्दा मोठा बिनतोड मांडतात.

“साहेब, भाविक दर्शनाला तुमच्याकडं येतो, पण अंघोळ माझ्याकडं करतो. काकड आरतीला पारोसा पाठवू का?”

साहेब तरुण आहेत, अजून समजावून सांगण्यावर त्यांची श्रद्धा आहे. ते म्हणतात, आबा, खेड्याला जलजीवनच्या हिशेबानं माणशी रोज ५५ लिटर. शहरात नळ आहे पण भुयारी गटार नाही, तर ७०. गटार असेल किंवा होणार असेल, तर १३५. कारण दिलेल्या पाण्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येतं, त्याला वाट नको का? एवढ्या सगळ्यातला आबांच्या कानात शिरतो फक्त १३५ चा आकडा.

“ज्या गावात बाबांनी पाण्यावर पणत्या पेटवल्या, तिथं तुम्ही ५५ सांगता? लाज वाटत नाही?”

“आबा, १३५ हवं असेल तर गटार घ्यावी लागेल. त्याचा कर येईल.”

“गटार द्या. कराचं ग्रामपंचायतीशी बोला.”

खरी गंमत गटारीच्या आखणीला सुरू होते. पाणी पंपानं टाकीत चढतं आणि दाबानं कुठंही जातं. मैल्याच्या नळाला मात्र उतार लागतो. आबांचं लॉज नेमकं खोलगटात. म्हणजे त्या बाजूचा मैला एका विहिरीत गोळा करायचा आणि तिथून पंपानं मलनिस्सारण केंद्राकडं ढकलायचा. विहिरीला सगळ्यात सोयीची जागा कोणती, तर आबांचं पार्किंग. नकाशावर साहेबांचं बोट तिथं टेकलं आणि आबा क्षणात निमगावकर झाले. “आमच्या हद्दीत तुमचा काय संबंध?”

त्याच पार्किंगखाली सध्या सेप्टिक टँक आहे. गुरुवारच्या पालखीला आणि रामनवमीला बावीस खोल्यांत किती माणसं मावतात हे आबा आणि तो टँक, दोघांनाच ठाऊक. मग रात्री अकरानंतर मैल्याचा टँकर येतो. तो भरून पुढं कुठं रिकामा होतो, हे आबा विचारत नाहीत. मी एकदा विचारलं, तर त्या दिवशीचा चहा माझ्या खात्यावर पडला.

एवढ्यावर भागलं असतं, पण आबांना सासुरवाडीकडून थोडी जिराईत जमीनही मिळालेली आहे, निळवंडे धरणाच्या लाभक्षेत्रात. शिर्डीचं पाणी येतं गोदावरीच्या उजव्या कालव्यानं. दारणेतून सुटतं, नांदूर मधमेश्वरला अडतं, आवर्तनाला साठवण तलावात येतं आणि पुढचं आवर्तन लांबलं की गावाच्या पोटात गोळा येतो. म्हणून शिर्डी-कोपरगावला निळवंडे धरणातून बंद पाइपनं पाणी आणायचा विषय निघाला, तेव्हा लाभक्षेत्रातले शेतकरी खवळले. त्यांचं चूक म्हणता येत नाही. ज्या धरणाची कल्पना १९७० ची, त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण व्हायला २६ ऑक्टोबर २०२३ उजाडला, आणि तेही शिर्डीत झालं. कालव्याच्या वाटेकडं डोळे लावून तीन पिढ्या बसल्या. धरणाला दुसरा नळ लागतोय म्हटल्यावर कोण गप्प राहील?

आबा तर मुळीच राहिले नाहीत. सकाळी शिर्डीच्या व्यापाऱ्यांबरोबर ‘पाइपलाइन झालीच पाहिजे’ म्हणून घसा बसवला, संध्याकाळी बसक्या घशानंच शेतकऱ्यांच्या बैठकीत ‘एक थेंब जाऊ देणार नाही’ म्हणाले. मला वाटतं, दोन्हीकडं ते मनापासूनच बोलले. ढोंगी माणूस निदान मफलर तरी बदलून गेला असता.

मागच्या महिन्यात आबांनी कचेरीत दोन अर्ज दिले. एक लॉजच्या लेटरहेडवर, नळजोड आणि गटार तातडीनं मिळण्याबाबत. दुसरा साध्या कागदावर, एक त्रस्त शेतकरी या नात्यानं, शहराला जादा पाणी देण्यास सक्त हरकत असल्याबाबत. आवक-जावकच्या बाईंनी दोन्हींवर शिक्का मारला, दोन्ही सह्या एकमेकींशेजारी धरून पाहिल्या आणि चष्म्यावरून विचारलं, “आबा, सुनावणीला कोण येणार?”

“दोघंबी येऊ,” आबा म्हणाले. “फक्त वेळ वेगवेगळी द्या.”