मुद्देमाल क्रमांक ९

१९८९ साली न्हावा-शेव्याला बंदर सुरू झाले, तेव्हा जेवढे कंटेनर आले त्यांहून कांकणभर अधिकच कागद आले. आणि त्या कागदांच्या सान्निध्यात ज्यांची हयात गेली अशा मंडळींत, वस्तूची नोंद झाली की वस्तूचे कार्य सिद्धीस गेले असे प्रामाणिकपणे मानणारा एक वर्ग निर्माण झाला. आमचे नाना त्या वर्गाचे मुकुटमणी. आयात मालाची दप्तरे सांभाळून ते निवृत्त झाले आणि डॉक्टरांनी सायकल चालवण्याचा हुकूम फर्मावताच पेच पडला: रस्त्यावर ट्रेलरांची अखंड रांग, आणि समोरच्या सुमारे बावीस किलोमीटरांच्या अटल सेतूवर दुचाकीला सक्त मज्जाव! सबब नानांनी जुन्या सायकलीचे मागचे चाक उतरवून ती दिवाणखान्यात ट्रेनरवर चढवली, आणि खिडकीतून सेतूकडे पाहत, जागचे न हलता, ते रोज शिवडी गाठू लागले.

परंतु जरा जोर लावला की चेन दात्यांवरून उडे आणि नाना भर समुद्रात आचके खात. दुसऱ्या कोणी तेल सोडले असते. नानांनी पंचनामा केला. चेनच्या बारा जोडकड्या पट्टीवर बरोबर बारा इंच भरल्या, सबब चेन निर्दोष. दाते अक्षत, सबब तेही मुक्त. मग संशय गिअरच्या तारेवर गेला. तिचा ताण पाव-पाव फेऱ्याने वाढवावा, प्रत्येक फेरा तारखेनिशी वहीत चढवावा आणि खाली सही ठोकावी, असा क्रम पंधरवडाभर चालला. तथापि सकाळी शरण आलेला गिअर सायंकाळी पुन्हा बंड करी.

अखेरीस उरणच्या सायकलच्या दुकानातला पोरगा आला. त्याने मागच्या दातेरी चकत्यांची कॅसेट चिमटीत धरून हलवली; ती खुळखुळली.

"नाना, कॅसेट दहा गिअरची, ट्रेनर अकराचा. मागं एक बारीक चकती लागते. खोक्यात आली असंल."

नानांच्या मुद्रेवर अपराधाची छटाही उमटली नाही. उलट, आयुष्यभराच्या निष्ठेला फळ आल्याचे तेज चढले. कपाटातून त्यांनी एक मोहोरबंद लिफाफा काढून खणखणीत आवाजात वाचला: "मुद्देमाल क्रमांक ९. धातूची चकती, नग एक. जाडी १.८५ मिलिमीटर. उपयोग अज्ञात. सुस्थितीत जमा."

पोराने हात पुढे केला. नानांनी लिफाफा मागे घेतला.

"आधी पोच लिहून दे."