वरचं दूध, वरवरचा सल्ला

गोव्यातल्या कारापूर-तिस्कावरच्या फार्मसीत बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा मागितला की मिनिटभरात हातात पडतो. ती पावडर कालवायची कशी, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘‘मागे लिहिलंय.’’ मागे खरंच लिहिलेलं असतं, पण बारीक इंग्रजीत. रात्री दोन वाजता रडणारं मूल कडेवर घेऊन त्या इंग्रजीशी झटापट करणारी आई एकटीच असते. सकाळी तिला नावं ठेवायला मात्र अख्खं घर हजर.

‘हिच्या अंगावर दूधच नाही.’ कारापुरापासून पेडण्यापर्यंत कुठल्याही बारशाला जा, हे वाक्य कानावर येतंच. बहुतेक वेळा ते चूक असतं. दूध मागणीवर तयार होतं. बाळ जितकं ओढेल तितकं येतं आणि ओढणं कमी झालं की कमी होतं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचा-दीड चमचाच मावतं आणि तेवढ्याला चीक पुरतो. पण घरातल्यांना धीर नसतो. बाळ रडलं की भुकेलं, भुकेलं की बाटली, आणि बाटलीने पोट भरलं की ओढणं बंद. आठवड्याभरात भाकीत खरं ठरतं आणि दोष आईच्या पदरात पडतो. पाच-सहा दिवसांचं बाळ दिवसातून सहा वेळा लंगोट ओला करत असेल आणि त्याचं वजन चढत असेल, तर त्याला दूध पुरतंय. हे साधं गणित सासूला कुणी सांगितलेलं नसतं आणि आईलाही नाही.

बाटलीची सुरुवात होते इस्पितळात. गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणं इस्पितळातच होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या सिझेरियनचं प्रमाण ३९.५ टक्के निघालं. म्हणजे पाचांतल्या दोन आया टाके घेऊन पडलेल्या. त्यांना बाळ पहिल्या तासात छातीशी लावून द्यायला माणूस लागतो, कूस बदलायला हात लागतो. तो हात नसेल तर पहिली बाटली तिथेच तोंडाला लागते. मुंबईच्या शीव इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवायची सोय, उभी केली, तीही पालिकेच्या गर्दीच्या इस्पितळात. इच्छा असली की गरिबांच्या वॉर्डातही बाळाला आईचं दूध मिळवून देणं जमतं.

मग येते नोकरी. कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती आहे. डिचोलीच्या किंवा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत ठेक्यावर उभ्या असलेल्या किती बायांच्या वाट्याला ते येतं, हे त्यांनाच विचारा. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, तेव्हा या पट्ट्यातल्या किती घरांचा पगार बाईच्या नावावर आला! दोन-तीन महिन्यांचं बाळ आजीकडे ठेवून ती कामावर जाते. तिथे दूध काढायला आडोसा नाही, काढलेलं ठेवायला फ्रिज नाही. खोलीत ठेवलेलं दूध तीन-चार तासांपलीकडे धरू नये आणि तिची पाळी आठ तासांची. तिचं दूध ठेकेदाराच्या हजेरीपटाने आटवलेलं असतं. तिला आळशी म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

तर डबा येतो. येऊ दे. आई आजारी असेल, एखादं औषध चालू असेल, आई गेलेली असेल, मूल दत्तक असेल, किंवा आईला आणखी झेपत नसेल. पावडरीच्या दुधावर मुलं वाढतात आणि नीट वाढतात. आईने हा निर्णय घेतला की तिला घरात आणि दवाखान्यात एकच गोष्ट हवी असते : पद्धत.

पद्धत ही. दूध एकदम तोडायचं नाही. एक वेळचं पाजणं कमी करायचं, काही दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरं. एकदम तोडलं तर स्तन दगडासारखे होतात, गाठी धरतात, ताप येतो. आणि सकाळ-रात्रीचं अंगावर ठेवून दिवसा डबा दिला तरी चालतं. हे अर्धंमुर्धं पाजणंही बाळाच्या फायद्याचंच असतं.

पाण्याचं तर फार सांभाळायला हवं. पावडर निर्जंतुक नसते, हे कितीजणांना ठाऊक आहे? म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की उकळलेलं पाणी अर्ध्या तासाहून जास्त निवू न देता, ७० अंशांच्या वर असतानाच त्यात पावडर घाला, मग भांडं थंड पाण्यात धरून दूध निववा आणि पाजा. पाणी आधी, पावडर नंतर. चमचा डब्यातलाच, सपाट. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, उष्टं ओतून द्यायचं. बाटलीच्या बुचात साचलेला साका धुतला जात नाही. वाटी-चमचा त्याहून बरा. एप्रिल-मे महिन्यांत नळ रुसतो, टाकीत साठवलेल्या पाण्यावर घर चालतं. त्या दिवसांत हे सगळं दुपटीने पाळावं लागतं.

आता पैसा. तीन महिन्यांच्या बाळाला दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध लागतं, म्हणजे शंभर ग्रॅमहून थोडी जास्त पावडर. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ-नऊ डबे, एकेक चार-पाचशेच्या घरातला. रोजंदारीच्या घरात हे बसत नाही, म्हणून चमचा कमी पडतो आणि पाणी वाढतं. बाळाचं पोट भरतं, अंग भरत नाही. दुसरी वाट गाईच्या दुधाची. वर्षाच्या आतल्या बाळाला ते मुख्य दूध म्हणून देऊ नये, त्यात लोह पुरेसं नसतं. ‘आमची पोरं गाईच्याच दुधावर वाढली’ असं सांगणाऱ्या आजीला जी पोरं वाढली ती दिसतात.

देशात १९९२चा शिशुदुग्ध पर्याय कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. डब्याची जाहिरात बंद. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र बंद. फुकट नमुने बंद, दवाखान्यातल्यांना भेटवस्तू बंद. हे योग्यच आहे. कंपन्यांना मोकळं सोडलं तर जाहिरातीला भुलून गरीब घरांतली बाळं कशी आजारी पडतात, ते जगाने १९७०च्या दशकात पाहिलंय. पण याच कायद्याच्या आठव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. पावडरीचं दूध पाजायचं कसं, हे आईला आणि घरच्यांना फक्त आरोग्य कर्मचाऱ्याने दाखवायचं आणि चुकीच्या वापराचे धोकेही त्यानेच समजावायचे. अंगावर पाजू न शकणाऱ्या, डबा न परवडणाऱ्या आईला आरोग्य संस्थेने तो द्यायलाही कायद्यात वाट मोकळी आहे. कंपनीचं तोंड बंद केलं हे बरं झालं. नर्सबाईंचं का बंद आहे?

बंद आहे ते भीतीने. डब्याचं नाव काढलं तर आपण त्याची तरफदारी केली असं होईल, ही भीती. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपानाचे फलक लागतात, भाषणं होतात, आणि डब्याकडे वळलेली आई मागच्या बाकावर गप्प बसून घरी जाते. तिच्या प्रश्नाला फलकावर जागाच नसते.

लसीसाठी प्रत्येक बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आरोग्य केंद्रात येतं. आई समोर असते, बहुधा आजीही. तिथे एक शेगडी, एक पातेलं, एक वाटी-चमचा आणि दहा मिनिटं हवीत. आधी अंगावरचं दूध टिकवायला मदत, आणि ज्या आईचं ठरलंय तिला वेगळं बसवून प्रात्यक्षिक, कोकणीत नाहीतर मराठीत. कारापूर-सर्वणच्या पुढच्या ग्रामसभेला जाणार असाल तर रस्ते आणि गटारांच्या यादीत हा विषयही लिहून द्या, आणि आपल्या केंद्रात हे कधी सुरू होणार याची तारीख मागा.